शेतकऱ्याच्या सांगाड्यावर आजी उभी करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या स्टॉप-मोशन फिल्मसाठी, म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवून एकेक फ्रेम काढायच्या फिल्मसाठी, शेतकऱ्याचा एक पपेट बनवला होता. उंची २४ सेंटिमीटर, आत ॲल्युमिनियम वायरचं आर्मेचर (वाकणारा सांगाडा), वर फोम आणि लेटेक्सची कातडी. आता नव्या फिल्ममध्ये नऊवारी नेसलेली आजी हवी आहे. जुन्या पपेटचा डावा घोटा तुटलाय आणि कातडी कुठे चिकट तर कुठे कडक झालीय. हाच पपेट उघडून आजी करावी की नवीन बांधावी? नवीनच बांधायची तर यावेळी पैसे घालून बॉल-सॉकेट (धातूच्या गोळा-खोबणीच्या सांध्यांचं) आर्मेचर घ्यावं का?

आधी उत्तर देते, मग कारणं. जुना पपेट उघडा. कातडी, फोम, कपडे, सगळं उतरवा. सांगाड्यातलं जे कडक आहे ते ठेवा आणि जे वाकतं ते सगळं नवीन घाला. बॉल-सॉकेट घ्यायचंच असेल तर फक्त पायांपुरतं घ्या, तेही शॉट लिस्ट समोर ठेवून.

वायरच्या सांगाड्यात दोन जातींचे भाग असतात. छातीचा ठोकळा, कमरेचा ठोकळा, मांडी-पोटरी-दंडावर चढवलेली एम-सीलची हाडं आणि पायाच्या तळव्यातले नट हे भाग कधी झिजत नाहीत. मधली उघडी वायर मात्र पेन्सिलीसारखी असते, वापरली की संपते. ॲल्युमिनियम एकाच जागी वाकवत राहिलं की तिथे ते कडक होत जातं आणि एक दिवस तुटतं. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबात दोन-दोन फ्रेमला एक पोझ धरली तरी सेकंदाला १२ पोझ होतात, मिनिटाला ७२०. तुमच्या शेतकऱ्याचा एक घोटा तुटलाय याचा अर्थ दुसरा शाबूत आहे असा नाही, त्याची पाळी अजून यायची आहे एवढंच. त्यामुळे फक्त डावा घोटा जोडून पुढे जायचा विचार सोडून द्या. नव्या फिल्मच्या तिसऱ्या दिवशी उजवा जाईल आणि तेव्हा वर साडी, केस, रंगवलेला चेहरा सगळं झालेलं असेल.

आता तुटलेला घोटा भिंगाखाली धरून बघा. दहात नऊ वेळा वायर सांध्याच्या मध्ये तुटत नाही. जिथे ती एम-सीलमधून बाहेर पडते, त्या तोंडाशी तुटते. कारण सरळ आहे. एम-सीलची कड धारदार राहिली की सगळा वाक त्या एका रेषेवर येतो, पक्कडीत धरून वाकवल्यासारखा. माझा एक वासुदेव असाच गेला. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, म्हणजे वजन सगळं वर. रात्रभर शूट चाललं होतं, तो अंगणात गोल फिरत होता, आणि शेवटच्या गिरकीत उजव्या घोट्यातून कलला. हळूहळू कलल्यामुळे मला वाटलं नट सैल झालाय. खालून बोल्ट आवळला, पुढच्या दहा-बारा फ्रेम काढल्या, आणि मग पाय तळव्यापासून वेगळा होऊन माझ्या हातात आला. तो शॉट पहिल्यापासून काढावा लागला. तेव्हापासून मी तीन गोष्टी न चुकता करते. एम-सील ओलं असतानाच त्याचं तोंड ओल्या बोटाने निमुळतं करते. सांध्यातली उघडी वायर वायरच्या जाडीच्या किमान चौपट-पाचपट लांब ठेवते, म्हणजे वाक पसरतो. आणि त्या तोंडावर पातळ सिलिकॉन नळीचा लहानसा तुकडा चढवते. शिवाय वायर वाकवताना दात असलेली पक्कड कधीच वापरत नाही. दाताचा एक ओरखडा म्हणजे तुटण्याची जागा आधीच आखून ठेवणं.

वायर कोणती घ्यायची? बाजारात 'आर्मेचर वायर' मागू नका. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या बोहरी आळीत आर्मेचर म्हटलं की माणूस मोटारीचंच समजतो आणि वाइंडिंगची तांब्याची तार काढून देतो. त्याचं बरोबरच आहे, त्याच्या धंद्यात आर्मेचर म्हणजे तेच. मऊ ॲल्युमिनियमची तार म्हणा. बोन्सायसाठी नर्सरीत मिळते ती तार उत्तम, ती मऊ केलेलीच असते. जुन्या केबलमधली ॲल्युमिनियम तार कडक असते, पहिल्या दिवशी ठीक वाटते पण लवकर तुटते. बांधणीची लोखंडी तार तर नकोच. हात वर करून सोडला की ती किंचित मागे येते, आणि पडद्यावर तो किंचितपणा स्पष्ट दिसतो.

कडक तारच हाती आली तर ती तापवून मऊ करता येते, पण जपून. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल होत नाही, म्हणजे डोळ्याला इशारा मिळत नाही. जुनी युक्ती अशी की तारेवर कपड्याचा साबण कोरडाच चोळायचा आणि गॅसच्या ज्योतीवरून तार फिरवायची. साबण काळा पडला की थांबायचं. लगेच पाण्यात टाकली तरी चालते. पोलादासारखी ती कडक होत नाही.

तारेचे पदर वळायचे ते ड्रिल मशीनवर. तार दुमडून दुमड हुकात अडकवा, दोन्ही टोकं शेगड्यात (व्हाइसमध्ये), आणि मशीन अगदी हळू. इंचाला दोन-तीन पीळ पुरे. सुंदर दिसतो म्हणून घट्ट पीळ दिलात तर वापरायच्या आधीच तार कडक होऊन बसते. २४ सेंटिमीटरच्या पात्राला मी पायांना २ मिलिमीटरचे दोन पदर, कण्याला दीड मिलिमीटरचे तीन, हातांना दीडचे दोन आणि बोटांना १ मिलिमीटरचा एकेरी धरते. पण तुमची आजी आहे. आजी गुडघ्यात वाकून उभी राहते, म्हणजे स्वस्थ उभी असतानाही गुडघ्यांवर भार आहे. शेतकऱ्याचे पाय सरळ होते, भार थेट तळव्यांत जात होता. आजीच्या गुडघ्याला तिसरा पदर घाला.

उघडण्याचं काम घाईने करू नका. आधी जुन्या पपेटचा समोरून आणि बाजूने, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. मग पाठीच्या शिवणीने ब्लेड फिरवा, पोटाकडून नाही. सगळे सांधे किती वाकतात ते पुढून बघत बघत सोलता येतं. चिकट झालेलं लेटेक्स बोटाला आणि वायरला धरून बसतं, त्यावर टाल्कम पावडर टाका म्हणजे सुटतं. खाली राहिलेला फोमचा चुरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. मग कमरेचा आणि छातीचा ठोकळा हॉट एअर गनने तापवा. एम-सील गरम झालं की नरम पडतं आणि पक्कडीने जुनी तार ओढून काढता येते. हे खिडकी उघडून किंवा गच्चीत करा, धूर चांगला नसतो. तार निघाल्यावर जे भोक उरतं तीच नव्या तारेची जागा. मोजमाप पुन्हा करायची गरज नाही, सांधे शेतकऱ्याचे होते तिथेच येतात.

कातडी चिकट का झाली हेही बघून घ्या, कारण आजीच्या वेळी तेच होऊ नये. लेटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर. हवा, ऊन आणि तेल यांनी ते सडतंच. पण ज्या ठिकाणी आत पितळ किंवा तांबं आहे तिथे जास्त लवकर सडतं, कारण तांब्यामुळे रबर झपाट्याने खराब होतं आणि पितळेत तांबं असतं. तुमच्या सांगाड्यात मनगटाला पितळेची नळी असेल तर नेमकी तिथेच कातडी काळपट आणि लिबलिबीत झालेली सापडेल. नळीवर एपॉक्सीचा किंवा साध्या नेलपॉलिशचा थर दिला की बऱ्याच अंशी बचाव होतो.

आणि कातडी गेल्याचं दुःख करू नका. १९३३ च्या किंग काँग चित्रपटासाठी मार्सेल डेलगॅडो यांनी जे पपेट बांधले, त्यांच्यावरचं रबर आणि सशाची फर कधीच गेली. २००९ मध्ये लंडनला त्यातल्या एकाचा लिलाव झाला तेव्हा उरला होता तो धातूचा सांगाडा. स्टॉप-मोशनचे नामवंत कलावंत रे हॅरीहाउझेन यांचं उदाहरण तर तुमच्या प्रश्नाच्या आणखी जवळचं आहे. त्यांचे वडील लेथवर त्यांना आर्मेचर करून द्यायचे आणि आई कपडे शिवायची. १९६३ च्या जेसन अँड द आर्गोनॉट्समध्ये हाडांचे सात सापळे तलवारी घेऊन लढतात. त्यातला एक सापळा १९५८ च्या सिंदबादच्या चित्रपटात लढून आलेला होता. बाकीचे सहा नवीन केले. काही मिनिटांच्या त्या लढाईला साडेचार महिने लागले. एवढा मोठा माणूस जुना सापळा पुन्हा उभा करत होता तो फक्त काटकसर म्हणून नाही. चाललेला, हाताला सवय झालेला सांगाडा नव्यापेक्षा बरा वागतो, कुठला सांधा कसा फिरतो हे बोटांना माहीत असतं. म्हणून तुमच्या शेतकऱ्याचे ठोकळे मला मोलाचे वाटतात.

आता शेतकऱ्याची आजी कशी होते ते. उंची कमी करायची तर पोटरीचं हाड कापा, मांडीचं नाही. म्हातारपणी माणूस कण्यातून खचतो, पाय फारसे आखूड होत नाहीत. पण पपेटमध्ये कणा आखूड केला तर छाती आणि कमरेचे ठोकळे एकमेकांवर आदळतात आणि वाकायला जागा राहत नाही. म्हणून थोडी पोटरी कमी करायची आणि बाकीचं काम पोकाला करू द्यायचं. कमरेचा ठोकळा किंचित मागे झुकवा, छातीचा पुढे, आणि मान छातीच्या वरून न काढता किंचित पुढून काढा. एवढ्याने तोच सांगाडा सत्तरीचा दिसायला लागतो. कातडी चढवायच्या आधी नुसत्या वायरवरच तिला चार पावलं चालवून बघा. सांगाडा आजीसारखा चालला नाही तर साडी नेसवून तो चालणार नाही.

धोतराचा पपेट नऊवारीला चालेल का, ही शंका तुम्हाला असेल. उलट तोच चालेल. गोल साडीच्या आत पाय लपतात, नुसता घोळ हलवून भागतं. पण धोतर आणि नऊवारी दोन्हींना मागे काष्टा, दोन्हींत पाय वेगळे दिसतात, पोटऱ्या उघड्या, चाल लपत नाही. शेतकऱ्याचे पाय तुम्ही ज्या काळजीने घडवले असतील तीच काळजी इथे लागते. कापड मात्र खऱ्या साडीचं घेऊ नका, त्या मापाला ते गोणपाटासारखं दिसतं. जुनं, खूप धुतलेलं मलमल घ्या. काठ रंगवा, किंवा तुळशीबागेत देवांच्या कपड्यांना लागणाऱ्या बारीक पट्ट्या मिळतात त्यातली अगदी अरुंद निवडा. कापड प्रत्येक स्पर्शाला हलतं आणि पडद्यावर ते उकळल्यासारखं दिसतं. म्हणून निऱ्यांच्या आतून पाणी घातलेल्या फेविकॉलने पातळ ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा, आणि पदराच्या कडेत केसासारखी बारीक तार शिवून टाका. मग पदर जिथे ठेवाल तिथे राहतो, आणि वाऱ्यावर हलवायचा असेल तर तोही हलवता येतो. काष्ट्याची जागा पक्की शिवू नका. तिथे दोन बारीक हुक ठेवा. काष्टा सोडला की मागून कमरेपर्यंत हात पोचतो, म्हणजे कमरेचा स्क्रू आवळायला किंवा पाय बदलायला पूर्ण आजी उसवावी लागत नाही. पपेट बांधतानाच तो उघडायचा कुठून हे ठरवलेलं असलं पाहिजे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या चित्रात मी कपड्यांच्याही आधी ती जागा बघते.

पाय आणि हात सुटे करा, हा दुसरा आग्रह. एका चौकोनी पितळी नळीत बरोबर बसणारी दुसरी चौकोनी नळी घ्यायची. मोठी पोटरीच्या हाडात, लहान घोट्याच्या वायरच्या वरच्या टोकाला. चौकोनी असल्यामुळे पाय आपोआप गोल फिरत नाही. घोटा तुटला की नवा पाय बसवायला दोन मिनिटं पुरतात. आजीच्या पायांचे तीन जोड आणि हातांचे किमान चार जोड आधीच करून ठेवा, कारण बोटं सगळ्यात आधी जातात. आजी जर भाकरी थापणार असेल तर सहा जोड करा, थापणारी बोटं फार सोसतात.

तळव्यात एम-३ चे (३ मिलिमीटरच्या बोल्टचे) नट दोन ठिकाणी हवेत, एक चवड्यात आणि एक टाचेत, आणि मध्ये वाकायला जागा. सेटच्या फळीला खालून भोक पाडून बोल्ट आवळला की पाय जमिनीला घट्ट. पाऊल उचलताना आधी टाचेचा बोल्ट सुटतो, मग चवड्याचा. भोकांच्या लोखंडी पत्र्यावर लोहचुंबकाने पपेट उभे करणारेही आहेत. बसलेल्या किंवा हलक्या पात्राला ते छान. वाकलेल्या आजीचा तोल मात्र पायांच्या पुढे जातो, तिला मी बोल्टच लावीन.

बॉल-सॉकेटबद्दल. ते सुंदर काम आहे आणि मला मनापासून आवडतं, पण तुमच्या फिल्ममध्ये ते कुठे लागतं हे बघा. आजी बहुतेक वेळ चुलीपुढे बसलेली असेल तर वायर पुरे. ती गावभर चालणार असेल तर कंबर, गुडघे आणि घोटे बॉल-सॉकेटचे करा आणि कणा, हात, मान वायरचीच ठेवा. कण्याला वायर मला बॉल-सॉकेटपेक्षा बरीच वाटते. पोक, उसासा, मागे वळून बघणं या गोष्टी वायरमध्ये सलग वाकाने येतात. टर्नरकडून (लेथवाल्याकडून) सांधे करून घेणार असाल तर एक सांगते. बेअरिंगचे गोळे कडक केलेले असतात, ड्रिलला दाद देत नाहीत. ते लाल होईपर्यंत तापवून राखेत हळूहळू थंड होऊ द्यावे लागतात, तेव्हा भोक पडतं. दोन पट्ट्यांमध्ये गोळा धरायचा, पट्टीतलं भोक गोळ्यापेक्षा थोडं लहान, आणि मधल्या स्क्रूने ताण ठरवायचा. घोटा सगळ्यात घट्ट, मग गुडघा, मग कंबर, वर जाऊ तसं हलकं. मनगट हलवताना कोपर हललं तर कोपराचा ताण कमी आहे. स्क्रू चालून चालून सैल होतात, त्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका टाका.

चेहऱ्याबद्दल थोडक्यात. चेहरा सिलिकॉनचा करणार असाल आणि ते प्लॅटिनम जातीचं असेल तर गंधक असलेल्या क्लेवर किंवा लेटेक्सला लागून ते ओतू नका. ते तिथे कधीच सेट होत नाही, चिकट साय राहते. शाडूत घडवलेल्या चेहऱ्यावर मला ही अडचण आलेली नाही, आणि सुरकुत्या शाडूत फार छान उठतात. शाडू थेट ॲनिमेट करायला मात्र घेऊ नका. लाइटखाली तासाभरात ती सुकून तडकते. डोळ्यांसाठी मणी, डोळ्याच्या बाहुलीच्या मधोमध टाचणीएवढं भोक, खोबणीत किंचित व्हॅसलीन. टाचणीच्या टोकाने नजर फिरवता येते. ओठांचे चार-पाच आकार वेगळे करून बदलत राहिलात तरी तुमच्या लांबीच्या फिल्मला भागेल.

पावसाळ्यात काम काढणार असाल तर प्लास्टरचे मोल्ड लवकर सुकत नाहीत, ओल्या मोल्डमधून निघालेली कातडी कमकुवत येते, हे धरून चाला. शूट संपल्यावर आजीला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात, आडवी ठेवा. बहुधा शेतकऱ्याची कातडी गेली ती याच चुकीने, कारण दोन वर्षं हा काही लेटेक्सला फार मोठा काळ नाही.

शेतकऱ्याचं डोकं सुटं निघत असेल तर ते जपून ठेवा, आजीला नवीन करा. मोल्ड शिल्लक असेल तर त्यातूनही एक कास्ट काढून त्यावर शाडूने गाल आणि हनुवटी बदलता येतील. भाऊ-बहीण वाटले तर कथेला चालतंय का एवढं बघा.

आणि सुरू करण्याआधी तुटलेल्या घोट्याचा जवळून फोटो काढून इथे टाका, तार नेमकी कुठे तुटली ते दिसेल असा. एम-सीलच्या तोंडाशी तुटली असेल तर वर सांगितलंय तेवढं पुरे आहे. सांध्याच्या बरोबर मध्ये तुटली असेल तर तारच कडक जातीची निघाली असणार, मग उरलेलं भेंडोळं आजीला वापरू नका.